रोमकूपातला क्षार

न्हाणीघरातली मोरी तुंबली की पहिला संशय केसांवर जातो. जाळीखाली गुंतवळ साचलेलं असतं. त्यावर कॉस्टिक सोडा टाकून पाणी ओतलं की थोड्या वेळानं वाट मोकळी होते. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आपल्या जुन्या भाषेत एक जालीम क्षार. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, ते प्रथिन हा क्षार अक्षरशः खातो.

हाच क्षार हनुवटीवरच्या एका केसाच्या मुळाशी तयार करता येतो. तोही बाटलीतून न घालता, आपल्याच अंगातल्या मिठापाण्यातून. इलेक्ट्रोलिसिसनं केस कायमचा जातो तो असा. सुईनं केस ‘जाळतात’ असं मी कितीतरी वर्षं समजत होते. मूळ पद्धतीत जाळणं नाहीच, तिथे रसायन घडतं, हे कळलं त्या दिवसापासून या विषयानं मला धरून ठेवलं आहे.

या पद्धतीचा जन्म ब्यूटी पार्लरमध्ये झाला नाही, डोळ्यांच्या दवाखान्यात झाला. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात चार्ल्स मिशेल नावाचे नेत्रवैद्य होते. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात असा एक आजार आहे. दर उघडझापीला डोळ्यात कुसळ फिरल्यासारखं होतं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर दृष्टी जाऊ शकते. केस उपटला तर काही आठवड्यांत तो पुन्हा उगवतो. मिशेल यांनी बारीक सुई बॅटरीला जोडली, ती एकेका पापणीकेसाच्या मुळाशी नेली आणि अगदी मंद प्रवाह सोडला. केस गेला आणि परत आला नाही. 1875 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. थोड्याच काळात त्याच शहरातले त्वचावैद्य विल्यम हार्डवे यांनी स्त्रियांच्या चेहऱ्यावरच्या केसांसाठी हीच युक्ती वापरली.

आपल्याकडे या आजाराला ‘पक्ष्मकोप’ म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याच्यासाठी शस्त्रकर्म सांगितलं आहे, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पापणी उलटून अग्नी किंवा क्षार वापरावा, असंही म्हटलं आहे. सुश्रुताला वीज माहीत होती, असा अर्थ यातून कुणी काढू नये. त्याचा क्षार वनस्पतींच्या राखेतून काढलेला, बाहेरून लावायचा. पण केसाचं मूळ हटवायला क्षार किंवा अग्नी हवा, ही त्याची निवड पाहा. आजच्या यंत्रातही हीच दोन साधनं आहेत. बदलली आहे ती जागा: पापणीच्या कडेवरून ती उतरली आहेत एका केसाच्या बिळात.

त्या बिळाला रोमकूप म्हणतात. कूप म्हणजे विहीर, आणि शब्द अगदी नेमका आहे. त्वचेत तिरपी उतरलेली, काही मिलिमीटर खोल अशी ती विहीर असते. तळाशी रक्तवाहिन्यांचा एक इवलासा उंचवटा असतो, तिथून केसाला अन्न मिळतं. वरच्या अंगाला, भिंतीच्या एका फुगवट्यात मूळपेशी दडलेल्या असतात आणि गरज पडली की नवा केस घडवतात. उपटल्यानं केस जातो, ही यंत्रणा तशीच राहते. म्हणून थ्रेडिंग आणि वॅक्सिंग जन्मभर करत राहावं लागतं.

इलेक्ट्रोलिसिसची सुई केसाहून फारशी जाड नसते. ती त्वचेला भोक पाडत नाही, केसाच्या कडेनं आहे त्याच वाटेनं खाली सरकते. ती ऋण टोकाला जोडलेली असते. धन टोक म्हणजे हातात धरायची धातूची कांडी किंवा ओला स्पंज. विहिरीत ओल असते, ओलीत मीठ असतं. प्रवाह सुरू झाला की सुईपाशी पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि मागे सोडियम हायड्रॉक्साइड उरतं. कधी कधी केसाच्या तोंडाशी पांढरा फेस दिसतो, तो याच हायड्रोजनचा. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत मिठाच्या पाण्यातून वीज सोडून टनावारी जे करतात, तेच इथे एका रोमकूपात होतं.

किती क्षार बनतो? फॅरेडेचा नियम वापरून हिशेब करता येतो. अर्धा मिलिअँपिअर प्रवाह 15 सेकंद सोडला तर सुमारे 3 मायक्रोग्रॅम क्षार तयार होतो, म्हणजे एका ग्रॅमचा साधारण तीन लाखावा भाग. तेवढ्यात एका केसाचं घर मोडतं. आणि हा क्षार वर येऊन गाल का भाजत नाही? कारण त्वचेचा वरचा थर कोरडा आणि तेलकट, तर विहिरीचा तळ ओला. जिथे ओल जास्त, तिथे प्रवाह जास्त आणि क्षारही जास्त. म्हणजे शरीराची रचनाच औषधाला नेमक्या जागी पोचवते. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

अडचण वेळेची होती. एकेका केसाला कधी कधी मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त. म्हणून 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या पॉल क्री यांनी एकाच वेळी अनेक सुया लावायची तऱ्हा आणली. मग फ्रान्समधल्या लियों शहरी आँरी बोर्दिए यांनी 1920च्या दशकात दुसरी वाट धरली, अग्नीची. सेकंदाला लक्षावधी वेळा दिशा पालटणारा प्रवाह सोडला की सुईभोवतीची ओल तापते आणि पेशी शिजतात. सेकंदाच्या अंशात काम होतं, पण वाकड्या मुळापर्यंत उष्णता नीट पोचत नाही. क्षार मात्र पातळ, तो वळणावरही झिरपतो. दोन्ही एकत्र करणाऱ्या यंत्राचं पेटंट आर्थर हिंकेल आणि हेन्री सेंट पिअर यांना 1948 मध्ये मिळालं. तापलेला क्षार कितीतरी वेगानं काम करतो, त्यावर ते बेतलेलं आहे.

एकदा सुई लावून चेहरा साफ होत नाही. केस वाढतो, थांबतो, गळतो, पुन्हा उगवतो. ज्या केसाची वाढ चालू आहे तोच मुळाला घट्ट जोडलेला असतो आणि तोच नीट सापडतो. विसावलेल्यांची पाळी येण्याची वाट पाहावी लागते. म्हणून वर्ष, कधी दीड-दोन वर्षं जातात. लेझर याहून कितीतरी झटपट, पण तो केसातल्या काळ्या रंगद्रव्याला शोधतो. पांढरा किंवा फिका केस त्याला दिसतच नाही. सुईला रंगाशी कर्तव्य नाही. अमेरिकेची एफडीए लेझरला केसांची ‘कायमची घट’ म्हणू देते. केस ‘कायमचे काढणं’ हे शब्द तिनं इलेक्ट्रोलिसिससाठी राखले आहेत.

पीसीओएस असलेल्या मुली, पाळी थांबल्यावर हनुवटीवर राठ पांढरे केस आलेल्या बायका, दाढीपासून सुटका हवी असलेल्या ट्रान्स स्त्रिया, यांना रोज आरशासमोर काय सोसावं लागतं ते त्याच जाणतात. बाईच्या चेहऱ्यावर केस असणं हा दोष नाही आणि ते काढावेतच असंही नाही. पण ज्यांना हवं आहे त्यांच्यासाठी दीडशे वर्षांची ही खात्रीची वाट आहे, आणि ती आपल्याकडे फार थोड्या जणींना ठाऊक आहे.

जायचं ठरवलंत तर आधी डॉक्टरांना भेटा. केस अचानक वाढले असतील आणि पाळी अनियमित असेल तर कारण शोधायला हवं, कारण हार्मोन बिघडलेले असले तर नव्या लवेचे जाड केस होतच राहतील. पेसमेकर असेल तर ही वाट सोडा. जखमेचे वण फुगत असतील तर ते आधी सांगा. निर्जंतुक सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. सावळ्या त्वचेवर काही काळ डाग राहू शकतात, तेव्हा उन्हापासून जपा. आणि शेवटी चिमटा लागेल तेव्हा लक्ष द्या: मूळ सुटलेला केस लोण्यातून निघावा तसा अलगद बाहेर येतो. हिसका बसला तर तो नुसता उपटला गेला आहे. तिथेच थांबवा आणि तसं स्पष्ट सांगा.