बोल्झानो

बोल्झानो (जर्मन: बोत्सेन; लादिन: बुल्सान) हे उत्तर इटलीतील आल्प्स पर्वतराजीत वसलेले शहर असून ते दक्षिण तिरोल या स्वायत्त प्रांताचे मुख्यालय आहे. शहराची लोकसंख्या एक लाखाहून किंचित अधिक आहे. २०११ च्या भाषिक गणनेनुसार शहरात इटालियन भाषिक ७३.८०, जर्मन भाषिक २५.५२ व लादिन भाषिक ०.६८ टक्के होते. संपूर्ण प्रांतात मात्र सुमारे ६९ टक्के लोक जर्मन भाषिक होते. त्यामुळे इटालियन भाषिक शहरात व देशात बहुसंख्य पण प्रांतात अल्पसंख्य, तर जर्मन भाषिक प्रांतात बहुसंख्य पण शहरात व देशात अल्पसंख्य ठरतात. शहराचे राजकारण, शिक्षण व सार्वजनिक जीवन समजून घेण्यासाठी ही दुहेरी स्थिती लक्षात घ्यावी लागते.

स्थान

समुद्रसपाटीपासून सुमारे २६२ मीटर उंचीवरील हे शहर ताल्व्हेरा व इसार्को या नद्यांच्या संगमाजवळ आहे. ताल्व्हेराच्या पूर्वेस कमानींच्या बाजारपेठेचे जुने नगर, तर पश्चिमेस प्रामुख्याने विसाव्या शतकात वाढलेली वस्ती आहे. ब्रेनर खिंडीतून जाणाऱ्या मार्गावर असल्यामुळे जर्मन व इटालियन प्रदेशांतील व्यापारी येथील जत्रांत एकत्र येत. त्यांचे तंटे सोडविण्यासाठी १६३५ मध्ये क्लाउदिया दे मेदिची हिने व्यापारी न्यायालय स्थापन केले. त्यात दोन्ही भाषांच्या व्यापाऱ्यांना स्थान होते.

इतिहास

चौदाव्या शतकापासून तिरोलसह हे शहर हाब्सबुर्ग घराण्याच्या सत्तेखाली होते. पहिल्या महायुद्धापूर्वी येथील बहुसंख्य रहिवासी जर्मन भाषिक होते. १९१९ च्या सां-जर्मेन तहानंतर हा प्रदेश इटलीला जोडला गेला. फॅसिस्ट राजवटीत गावांची जर्मन नावे बदलण्यात आली व शाळांतून जर्मन हद्दपार झाली. तेव्हा घरांत व कोठारांत गुप्तपणे जर्मन वर्ग भरविले जात. त्यांना ‘भुयारी शाळा’ म्हणत. १९३५ पासून शहराच्या दक्षिणेस औद्योगिक वसाहत उभारली गेली व इटलीच्या अन्य भागांतून कामगार आणून वसविण्यात आले. शहराचे भाषिक स्वरूप त्यामुळे पालटले.

१९३९ मध्ये हिटलर व मुसोलिनी यांच्यातील समझोत्याने जर्मन भाषिकांपुढे दोनच पर्याय ठेवले: जर्मन राइशमध्ये स्थलांतर करणे किंवा इटलीत राहून आपली भाषिक ओळख सोडणे. बहुसंख्यांनी स्थलांतराच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे ७५ हजार लोक प्रत्यक्ष गेले. या निवडीने कुटुंबांतही फूट पाडली.

स्वायत्तता

१९४६ मध्ये कार्ल ग्रुबर व आल्चिदे दे गास्पेरी यांच्यात झालेल्या करारात जर्मन भाषिकांना संरक्षणाचे आश्वासन मिळाले. तथापि १९४८ च्या पहिल्या स्वायत्तता कायद्याने हा प्रांत इटालियनबहुल त्रेन्तिनोसह एकाच प्रदेशात बांधला गेल्याने असंतोष वाढला. जून १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे अनेक मनोरे स्फोटांनी पाडण्यात आले. १९६० च्या दशकात हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढेही गेला. प्रांताला व्यापक अधिकार देणारा दुसरा स्वायत्तता कायदा १९७२ मध्ये लागू झाला आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे जाहीर केले.

भाषाव्यवस्था

शासकीय नोकऱ्या भाषासमूहांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात व उमेदवाराला द्विभाषिकतेचे प्रमाणपत्र लागते. इटालियन व जर्मन माध्यमाच्या शाळा स्वतंत्र असून दोन्हींत दुसरी भाषा सक्तीची आहे. समान अंतरावर ठेवूनच समान हक्क राखता येतात, हे या रचनेचे सूत्र होय. तिने हिंसाचार शमविला व अल्पसंख्य भाषेचे अस्तित्व सुरक्षित केले. परंतु मुले वेगवेगळ्या शाळांत वाढल्याने परस्परसंपर्क मर्यादित राहतो, अशी टीकाही होते. मिश्र विवाहांतील मुलांना व अन्य देशांतून आलेल्या रहिवाशांना ‘इतर’ असे नोंदविता येते. तरीही हक्कांच्या वापरासाठी तीनपैकी एका समूहाशी जोडून घ्यावे लागते.

स्मारके

ताल्व्हेराच्या पुलापाशी असलेल्या विजयस्मारकाचे (१९२८, स्थापत्यकार मार्चेल्लो पियाचेंतिनी) स्थान वादग्रस्त राहिले. या चौकाला २००१ मध्ये दिलेले ‘शांतता चौक’ हे नाव २००२ च्या सार्वमतात फेटाळले गेले. अखेर स्मारक न पाडता त्याच्या तळघरात १९१८ ते १९४५ या काळाचा इतिहास सांगणारे प्रदर्शन २०१४ मध्ये खुले करण्यात आले. फॅसिस्ट पक्षाच्या जुन्या इमारतीवर मुसोलिनीचे भव्य शिल्पपट आहे. त्यावर २०१७ मध्ये हाना आरेंट यांचे आंधळ्या आज्ञापालनाला नकार देणारे वचन तिन्ही भाषांत प्रकाशाक्षरांनी उमटविण्यात आले. मध्ययुगीन जर्मन कवी वाल्थर याचा १८८९ चा पुतळा फॅसिस्ट काळात मुख्य चौकातून हलविला गेला होता. तो १९८१ मध्ये परत आला.

शिक्षण व संस्कृती

येथील पुरातत्त्व संग्रहालयात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ‘ओत्झी’ हा हिममानव जतन केलेला आहे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात इटालियन, जर्मन व इंग्रजी अशा तीन भाषांतून अध्यापन होते. शालेय स्तरावर वेगळे राहिलेले विद्यार्थी तेथे एकाच वर्गात शिकतात.