एकच मेंदू, दीड वर्ष

मंगळवारी उपाशीपोटी, कॉफीचा घोटही न घेता स्कॅन आणि रक्ताचा नमुना. गुरुवारी नाश्ता-कॉफी उरकून पुन्हा स्कॅन. अमेरिकी मेंदूविज्ञानी रसेल पोल्ड्रॅक यांनी २०१२पासून सुमारे दीड वर्ष हा नेम पाळला. प्रयोगासाठी निवडलेला माणूसही ते स्वतःच.

एरवी अशा अभ्यासांत अनेकांचे मेंदू एकेकदा तपासून सरासरी काढतात. त्यातून मेंदूची साधारण ठेवण कळते. एकाच माणसात आज आणि महिन्याभराने काय फरक पडतो, ते कळत नाही.

या स्कॅनसाठी वापरतात ते एफएमआरआय यंत्र मेंदूपेशींचे संदेश थेट टिपत नाही. एखादा भाग कामाला लागला की तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, त्याची नोंद ते घेतं. माणूस नुसता पडून असला तरी हा ओघ कमीजास्त होत राहतो. ज्या भागांतले चढउतार जोडीने होतात, ते एका जाळ्यातले. भरत बिस्वाल यांनी १९९५ साली दाखवलं, की हात स्वस्थ असतानाही दोन्ही हातांचे मेंदूतले भाग एका लयीत चालतात.

पण डोकं किंचित हललं किंवा डुलकी लागली, तरी आकडे बिघडतात. म्हणून मोजणी लांबलचक हवी. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दहा जणांचे दहा-दहा रात्री स्कॅन केले. वेळ मध्यरात्रीची, कारण तेव्हा यंत्राचं भाडं कमी. प्रत्येकाची पाच तासांची विश्रांतीतली नोंद जमली. जाळ्यांचा आराखडा ज्याचा त्याचा वेगळा आणि दिवसागणिक फारसा न बदलणारा निघाला.

तरी बदल होतातच. पोल्ड्रॅक यांच्या उपाशी मंगळवारी दृष्टीची आणि स्पर्श-हालचालीची जाळी जास्त घट्ट जुळलेली दिसली. हा परिणाम उपासाचा की कॉफी टाळल्याचा, ते सांगता येत नाही; दोन्ही एकाच दिवशी होते. सेंट लुईसच्याच २०२० सालच्या प्रयोगात तिघांच्या धडधाकट हाताला दोन आठवडे प्लास्टर घालून रोज स्कॅन केला. ४८ तासांतच त्या हाताचा मेंदूतला भाग बाकीच्या हालचालीच्या जाळ्यापासून तुटू लागला. प्लास्टर निघाल्यावर तो पुन्हा जुळला.

एखाद्या रुग्णाला औषध लागू पडतंय का, हे उद्या स्कॅनवरून ठरवायचं झालं, तर त्या रुग्णाचा स्वतःचा रोजचा चढउतार आधी ठाऊक हवा. मेंदूच्या एका रंगीत चित्रावरून कुणी निष्कर्ष सांगू लागलं, तर आधी विचारावं: किती वेळ मोजलं, आणि किती वेळा?