ट्रकचा रेडिओ : वॅटचा आकडा नव्हे, अँटेना पाहा

गेल्या हिवाळ्यात आमच्या भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. तो शिकागोजवळ राहतो, अठरा चाकी ट्रक चालवतो आणि 80 क्रमांकाच्या इंटरस्टेट महामार्गाने पश्चिमेकडे वायोमिंगपर्यंत माल नेतो. म्हणाला, "मामू, ट्रकमध्ये सी.बी. रेडिओ बसवायचा आहे. ट्रक-स्टॉपवरचा दुकानदार शंभर वॅटचा सेट दाखवतो आहे. सगळे मिळून पाचशे डॉलरच्या वर जाते. घेऊ का?"

ट्रक हप्त्यावर घेतलेला, त्यात घरी पाठवायचे पैसे. पाचशे डॉलर म्हणजे त्याच्यासाठी थोडी रक्कम नव्हे. आमची हयात कापडाच्या धंद्यात गेली. रेडिओ हा आमचा विषय नाही. परंतु दुकानदार एकच आकडा पुन्हा पुन्हा सांगू लागला की आमचे कान टवकारतात. म्हणून आम्ही त्याला पंधरा दिवस थांबायला सांगितले, माहीतगारांना विचारले, मिळेल ते वाचले. आपल्या समाजातील अनेक घरांतील मुले आज परदेशात गाडी चालवून हलाल रोजी कमावतात. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखाजोखा.

सी.बी. म्हणजे काय?

सी.बी. म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी मोकळा ठेवलेला रेडिओचा पट्टा. अमेरिकेत 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा हा पट्टा 1958 साली खुला झाला. 1973 च्या तेलटंचाईनंतर डिझेल कोठे मिळते आणि पुढे रस्ता कसा आहे हे ट्रकवाले एकमेकांना याच रेडिओवर सांगू लागले आणि तो घरोघरी माहीत झाला. आधी 23 चॅनेल होते, 1 जानेवारी 1977 पासून 40 झाले. 1983 पासून त्यासाठी वैयक्तिक परवाना लागत नाही. चॅनेल 9 संकटकाळासाठी राखून ठेवला आहे, तर चॅनेल 19 हा रिवाजाने ट्रकवाल्यांचा झाला आहे.

मोबाइल फोन आल्यापासून याचा वापर पुष्कळ घटला, हे खरे. तरीही तो संपला नाही. फोनला टॉवर लागतो, याला लागत नाही. फोनवर ओळखीच्या माणसाशी बोलता येते. येथे आपल्या पुढे चाललेल्या अनोळखी ट्रकवाल्याशी बोलता येते, आणि रस्त्याची खरी खबर त्याच्याकडेच असते. वायोमिंगमध्ये हिवाळ्यात वारा आणि बर्फ यांमुळे हा महामार्ग वारंवार बंद होतो, समोरचे वाहन दिसेनासे होते. अशा वेळी दोन मैल पुढचा माणूस "थांबा, पुढे गाड्या आडव्या पडल्या आहेत" असे सांगतो, त्याचे मोल डॉलरमध्ये होत नाही.

वॅटची कांजी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शंभर वॅटचा सेट घ्यावा का?

पहिली गोष्ट कायद्याची. तेथील संघीय दळणवळण आयोगाने म्हणजे एफ.सी.सी.ने सी.बी.साठी शक्तीची मर्यादा ठरवून दिली आहे. ए.एम. पद्धतीत 4 वॅट, सिंगल साइडबँड पद्धतीत शिखरावर 12 वॅट. 2021 साली एफ.एम. पद्धतीलाही परवानगी मिळाली, तिलाही 4 वॅटचीच मर्यादा आहे. त्यावर अ‍ॅम्प्लिफायर जोडणे, ज्याला तेथील ड्रायव्हर लिनियर म्हणतात, बेकायदा आहे.

मग दुकानात शंभर वॅटचे सेट येतात कोठून? हे बहुधा 10 मीटर बँडचे, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांचे सेट म्हणून विकले जातात. आतील एखादी जोडणी बदलली की ते सी.बी.च्या पट्ट्यावर बोलू लागतात. सेट आपण घेतला म्हणून तो सी.बी.वर वापरणे कायदेशीर होत नाही. 2004 साली आयोगाने असा माल विकल्याबद्दल एका मोठ्या ट्रक-स्टॉप कंपनीला सव्वा लाख डॉलर दंडाची नोटीस दिली होती. तात्पर्य, हा कायदा केवळ कागदावरचा नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. विरळ कापडाला भरपूर कांजी दिली की ते हाताला जड आणि कडक लागते. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जाते आणि पहिल्या धुण्यात त्याला असलियत कळते. रेडिओच्या खोक्यावरील वॅटचा आकडाही पुष्कळदा असाच कांजी दिलेला असतो. 4 वॅटचा कायदेशीर सेट पूर्ण आवाजाच्या शिखरावर मोजला तर 16 वॅट भरतो. माल तोच, मोजण्याची पद्धत वेगळी. कोणी स्पीकरच्या आवाजाचे वॅट मोठ्या अक्षरांत छापतो. त्याचा हवेत जाणाऱ्या शक्तीशी काही संबंध नसतो.

समजा, आकडा खरा आहे. तरी हाती काय लागते? सेटवर सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटर असतो. त्याचा काटा एक घर वर जाण्यासाठी चौपट शक्ती लागते. 4 वॅटचे 100 वॅट केले, म्हणजे शक्ती पंचवीसपट झाली, तरी समोरच्याच्या सेटवर काटा सव्वादोन घरांच्या आसपासच सरकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की शंभर वॅटने तुमचा आवाज लांब गेला, तरी समोरचा 4 वॅटवरच बोलतो. त्याचे उत्तर तुमच्यापर्यंत येत नाही. तुम्ही त्याला ऐकवू शकता, त्याचे ऐकू शकत नाही. ट्रकवाल्याला तर खबर ऐकायची असते! हा सौदा आम्हाला फायद्याचा वाटला नाही.

खरी ताकद अँटेनात

दोन्ही बाजूंचे काम करतो तो अँटेना. चांगल्या अँटेनामुळे तुमचा आवाज नीट जातो आणि दुसऱ्याचा नीट येतो. या लहरींची लांबी साधारण 11 मीटर, म्हणून पाव लहरीचा पूर्ण अँटेना जवळजवळ 9 फुटांचा होतो. उंच ट्रकवर तो पुलाखाली अडकेल. त्यामुळे तारेचे वेटोळे दिलेले तीन-चार फुटी अँटेना वापरतात. ट्रकच्या दोन आरशांवर दोन अँटेना पाहून अनेकांना ती शोभा वाटते. परंतु दोन्हींमध्ये सुमारे 8 ते 9 फूट अंतर, दोन्ही सारखे आणि त्यांच्यासाठीच बनवलेली जोडकेबल असेल तरच त्याचा उपयोग. नाहीतर एकच चांगला अँटेना बरा.

आजच्या पुष्कळ ट्रकच्या केबिनचा बराच भाग फायबरग्लासचा असतो. अँटेनाला खाली धातूचा आधार लागतो, ज्याला ग्राउंड म्हणतात. म्हणून अँटेनाचा स्टँड गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी पक्का जोडला आहे ना, हे पाहावे.

मग येते एस.डब्ल्यू.आर.ची तपासणी. सेटने पाठवलेली शक्ती अँटेनातून बाहेर जाते की परत फिरते, हे तो आकडा सांगतो. 1.5 असेल तर फक्त 4 टक्के शक्ती परत येते, उत्तम. 2 असेल तर 11 टक्के, चालण्यासारखे. 3 असेल तर 25 टक्के परत फिरते आणि सेटमधील शेवटचा ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका असतो. मोकळ्या जागेत, दरवाजे बंद करून, चॅनेल 1, 20 आणि 40 वर हा आकडा घ्यावा आणि अँटेनाची लांबी कमी-जास्त करून तिन्ही ठिकाणी तो खाली आणावा. या कामाला पाऊण तास लागतो आणि खर्च जवळजवळ नाही.

सेट घेताना काय पाहावे

1. सेट सी.बी.साठी आयोगाने मान्य केलेला आहे, असे त्याच्या मागील पट्टीवर लिहिलेले असावे. ते नसेल तर दुकानदार काहीही सांगो, पुढे जाऊ नये.

2. ए.एम. हवेच, कारण चॅनेल 19 वरचे बोलणे ए.एम.वर चालते. साइडबँड आणि एफ.एम. यांचा उपयोग समोरच्याकडेही ती सोय असेल तेव्हाच. दोन-तीन मित्र एकत्र गाड्या चालवत असतील तर साइडबँडवर खर्च करावा, एरवी नाही.

3. स्क्वेल्च, आर.एफ. गेन आणि खरखर कमी करणारी सोय, ही तीन बटणे असावीत. इंजिनाच्या गोंगाटात शब्द समजणे हेच महत्त्वाचे. गोंगाट गाळणारा मायक्रोफोन आणि बाहेरचा एक स्पीकर यांवर घातलेले पैसे वाया जात नाहीत.

4. हवामानाचे चॅनेल असावेत. अमेरिकेत सरकारी हवामान केंद्रे 162 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सात चॅनेलवर सूचना देतात. बर्फ आणि चक्रीवादळाच्या मुलखात ही सोय चैनीची नव्हे.

5. वीज सरळ बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्यावी. सिगारेट लायटरच्या भोकातून घेतली तर इंजिनाची खरखर आत येते.

6. प्रतिध्वनी, रंगीत दिवे, बोलणे संपल्यावरची टिकटिक, ही सगळी झालर. झालरीचे पैसे वेगळे मोजून पाहावेत.

कोब्रा 29, युनिडेन 980, प्रेसिडेंट मॅकिन्ली ही या बाजारातील जुनी-जाणती नावे. पहिल्यात जुन्या पद्धतीची बटणे, नंतरच्या दोन्हींत साइडबँड. यांपैकी कोणाचीही शिफारस आम्ही करत नाही. वरील सहा कसोट्या लावून ज्याने त्याने निवड करावी. नवा सेट दुकानात "पीक अँड ट्यून" करून घ्या असा आग्रह होतो, तोही टाळावा. आतील स्क्रू पिळून शक्ती वाढवली की आवाज फाटतो, शेजारच्या चॅनेलवर सांडतो आणि सेटची मान्यताही जाते.

इकडे आणताना सावध

काही जण सुट्टीवर येताना असा सेट भेट म्हणून आणतात. अमेरिकेतील ट्रकची वीज 12 व्होल्टची, आपल्याकडील बहुतेक अवजड ट्रकची 24 व्होल्टची. सरळ जोडला तर सेट जळतो. शिवाय भारतात 2005 च्या नियमांनी परवान्यातून सूट मिळाली ती 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्याला आणि 5 वॅटपर्यंतच. अमेरिकी सेटचे 28 ते 40 हे चॅनेल त्या पट्ट्याबाहेर पडतात. म्हणून केंद्राच्या दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेकडे आधी विचारणा करावी, मगच आणावा.

हक दुसऱ्यांचाही आहे

शेवटी एक गोष्ट, जी भाच्याला आम्ही फोनवर सांगितली. चाळीस चॅनेल ही सर्वांची सामाईक वाट आहे. एकाने शंभर वॅटने वाट अडवली तर त्याच्या आवाजाखाली पाच जणांचे बोलणे दबते. त्या पाचांत अपघातात सापडलेला कोणी मदत मागत असेल तर? हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे एकमेकांवरील हक, केवळ उधारी-उसनवारीत नसतात, ते रस्त्यावरही असतात. तसेच मालातील ऐब गिऱ्हाइकाला सांगणे हे आपल्या दीनात व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. सेट विकताना तो बेकायदा आहे हे न सांगणारा दुकानदार आणि कांजीचे कापड भारी म्हणून खपवणारा आमच्यातला व्यापारी, दोघे एकाच रांगेत उभे आहेत. हे लिहिताना आम्ही आमच्या बाजारालाही वगळत नाही.

भाच्याने कायदेशीर 4 वॅटचा सेट घेतला. उरलेल्या पैशांपैकी थोडे चांगल्या अँटेनावर आणि केबलवर घातले, एका रविवारी मित्राबरोबर बसून एस.डब्ल्यू.आर. 1.4 वर आणला. सर्व मिळून दुकानदाराने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्यात काम झाले. बाकीच्यातून ट्रकचा हप्ता वेळेवर गेला.

फेब्रुवारीत त्याचा पुन्हा फोन आला. वायोमिंगमध्ये पहाटे वाऱ्याने बर्फ उडत होते, समोरचे काही दिसत नव्हते. चॅनेल 19 वर पुढचा कोणीतरी म्हणाला की दोन ट्रक आडवे झाले आहेत, मागच्यांनी बाहेर पडा. भाच्याने लगेच पुढच्या फाट्यावर गाडी उतरवली आणि तीच खबर मागच्यांना दिली. मागून "समजले, आभार" असे तीन-चार आवाज आले. म्हणाला, "मामू, तो पुढचा कोण होता ते मला माहीत नाही. पण त्याचा शब्द न शब्द ऐकू आला."

आम्ही अल्लाहचे शुक्र अदा केले. वाचकांना एवढेच सांगणे की रेडिओ असो वा कापड, खोक्यावरचा आकडा वाचून नव्हे, धुऊन पाहून माल घ्यावा.