काळी एक ते पांढरी एक

शाळेत संगीत शिकवू लागलो तेव्हा माझ्या वर्गात पेटी, तबला आणि एक टेपरेकॉर्डर एवढंच सामान होतं. समूहगीत स्पर्धा जवळ आली की कॅसेट लावायची आणि मुलांनी मागून म्हणायचं. टेपची मोटर दमली की लय उतरायची, पट्टीही उतरायची, मग पेटीशी काहीच जुळायचं नाही. आधीच्या पिढीला एवढ्याचीही गरज पडली नव्हती. संगीतकार वसंत देसाईंनी ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमातून हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावलं होतं.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर २००० साली आलं. आमच्या संगणक कक्षात पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. त्यात सूर न हलवता लय कमी करता यायची. अवघड तान निम्म्या लयीत ऐकली की मुलांना तिच्यातल्या जागा सापडायच्या. हार्मनीवाली मुलं हमखास मुख्य चालीवर घसरायची, म्हणून त्यांची ओळ वेगळी ध्वनिमुद्रित करून दिली.

पण खरा बदल झाला तो यंत्राचं तोंड मुलांकडे वळवलं तेव्हा. मुठीत मावणारा डिजिटल रेकॉर्डर मी हॉलच्या शेवटच्या बाकावर ठेवला. कोरसमधल्या मुलाला शेजारचे दोघे ऐकू येतात आणि स्वतःचा आवाज, तोही निम्मा कवटीच्या हाडांतून. श्रोत्यांना काय ऐकू येतं, हे त्याला ठाऊकच नसतं. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा आधी हशा पिकला, मग सगळे गप्प झाले. पेटीशिवाय काळी एकमध्ये सुरू केलेलं गाणं पांढरी एकमध्ये संपलं होतं. मी वर्षभर “सूर सोडू नका” म्हणून ओरडत होतो. सूर कुठे सुटतो, ते मुलांनी तीनदा ऐकून शोधलं. वरच्या सुरांवर नव्हे, ओळीच्या शेवटी लांबवलेल्या स्वरावर. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, आपण सगळे एकदमच श्वास घेतो, तिथे भोक पडतं.” तेव्हापासून आम्ही आळीपाळीने श्वास घेऊ लागलो.

मग २०२० उजाडलं, कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका कोरसच्या मार्चमधल्या सरावाला ६१ जण होते, त्यांतले ५३ आजारी पडले. एकत्र गाणंच धोक्याचं ठरलं. ऑनलाइन तासाला आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे सम कुणाचीच जुळेना. संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी २०१० मध्ये १२ देशांतले १८५ आवाज जोडून आभासी कोरस केला होता. तीच वाट आम्ही धरली. मुलं कानात इअरफोन घालून घरी एकेकटी गायली. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, तिच्यावरून मी आवाज जुळवायचो. व्हिडिओ झकास झाला, पालक खूश झाले.

शाळा पुन्हा भरल्यावर मात्र गाडी अडली. प्रत्येक जण आपापलं बिनचूक गात होता, शेजाऱ्याकडे कान कुणाचाच नव्हता. बेसूर आवाज मी संगणकावर गुपचूप खाली दाबले होते, त्याची ही किंमत.

आता ध्वनिमुद्रण आठवड्यातून एकदाच, तासाच्या शेवटी. ऐकवण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: आज कुठे चुकलो? मग ताडून पाहायचं. परवा सरावात रेकॉर्डर चार्ज करायचा राहिला होता. दुसरा अंतरा संपला आणि मुलं आपणहून थांबली. “सर, उतरलोय.” मी काळी एक दाबली. उतरलो होतो खरे, पण केसभर.