चिकित्सक वाचन : एका शिलालेखाच्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी पुष्कळ वाचून आलेला असतो. परंतु वाचलेल्या मजकुराला प्रश्न विचारण्याची सवय त्याला लागलेली असतेच असे नाही. पदवीपरीक्षेपर्यंतचे वाचन हे बहुधा ग्रहणाचे वाचन असते. ग्रंथात जे सांगितले आहे ते नेमके ध्यानात ठेवावे आणि परीक्षेत सुबकपणे मांडावे, एवढीच तेथे अपेक्षा असते. संशोधनाच्या क्षेत्रात पाऊल टाकताच ही अपेक्षा अपुरी पडते. ‘ग्रंथकार काय म्हणतो’ या प्रश्नासवेच ‘तो हे कशावरून म्हणतो’ हा दुसरा प्रश्न तेथे उभा राहतो. हा दुसरा प्रश्न सतत जागा ठेवून केलेले वाचन ते चिकित्सक वाचन होय. चिकित्सा म्हणजे दोष काढणे, असा एक गैरसमज आढळतो. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो ती त्याला नावे ठेवण्यासाठी नव्हे. लक्षण कोणते व निदान कोणते हे वेगळे करण्यासाठी. वाचकाचे कामही हेच आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे आपणा सर्वांच्या परिचयाच्या एका उदाहरणावरून पाहू. कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायथ्याशी नागरी लिपीत मराठीच्या दोन ओळी कोरलेल्या आहेत : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियले’. यांपैकी पहिली ओळ म्हणजे इ. स. ९८३ मधील मराठीचे आद्य वाक्य, हे विधान आपण शालेय वयापासून वाचत आलो आहोत. एम. ए.च्या वर्गात मी विद्यार्थ्यांपुढे या दोन ओळी ठेवून, ‘या लेखात काल कोणता दिला आहे?’ असे विचारतो. बहुतेक सर्वजण ‘९८३’ असे लिहितात. वस्तुतः या ओळींत कोणताच काल दिलेला नाही. विद्यार्थ्यांना दोष देण्याचा अधिकार मात्र मला नाही; कारण माझ्या स्वतःच्या व्याख्यानांच्या टिपणांतही हा सन कित्येक वर्षे निःशंकपणे नांदत होता.

मग हा सन आला कोठून? चावुण्डराय हा गंग राजांचा मंत्री व सेनापती. त्याने ही मूर्ती दहाव्या शतकाच्या नवव्या दशकात उभारली असे मानले जाते. मूर्तीचा जो काल तोच लेखाचा काल, असे पुढे गृहीत धरले गेले. आता वाक्याचे व्याकरण पाहावे. ‘चावुण्डराजें’ हा तृतीयान्त कर्ता आणि ‘करवियलें’ हे प्रयोजक भूतकालवाचक रूप. कृती पूर्ण झाली आहे, एवढेच हे रूप सांगते. ती पूर्ण झाल्यावर दुसऱ्या दिवशी लेख कोरला की शंभर वर्षांनी, याविषयी ते सर्वस्वी मुके आहे.

दुसऱ्या ओळीतील गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. मूर्तीभोवतीचे आवार त्याने इ. स. १११७ च्या सुमारास बांधविले. ‘सुत्ताले’ हा शब्दही कानडी ‘सुत्तालय’ या शब्दावरूनच आलेला आहे. ही ओळ बाराव्या शतकाआधीची असू शकत नाही, हे उघड आहे. दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे असल्यामुळे त्या एकाच वेळी कोरल्या गेल्या असाव्यात, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. ते स्वीकारल्यास पहिली ओळही सुमारे एकशे तीस वर्षे अलीकडे येते. परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. अक्षरवळणाचे साम्य हे निरीक्षण आहे. समकालीनत्व हे त्यावरून काढलेले अनुमान आहे. जुन्या मताला लावलेली कसोटी नव्या मतालाही लावणे, हा चिकित्सेचा पहिला नियम होय.

या उदाहरणावरून एक साधी पद्धती सुचते. टिपणवहीच्या पानाचे तीन रकाने करावेत. पहिल्यात मूळ साधनात प्रत्यक्ष जे आहे तेवढेच लिहावे. दुसऱ्यात त्यावरून कोणी कोणते अनुमान काढले ते लिहावे. तिसऱ्यात ते अनुमान खरे ठरण्यासाठी आणखी काय गृहीत धरावे लागते ते नोंदवावे. श्रवणबेळगोळच्या लेखाबाबत ९८३ हा सन दुसऱ्या रकान्यात जातो आणि ‘मूर्ती व लेख समकालीन आहेत’ हे गृहीत तिसऱ्यात. पुष्कळ वादांचे मूळ या तिसऱ्या रकान्यात सापडते. आणि आपल्या टिपणांत नेमका तोच कोरा असतो.

भाषेच्या अभ्यासकाने आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. मूळ संशोधक बहुधा ‘असावा’, ‘दिसतो’, ‘मानण्यास हरकत नाही’ अशा जपून योजलेल्या क्रियापदांनी आपला निष्कर्ष मांडतो. त्याचे विधान पुढच्या ग्रंथकाराने संक्षेपाने घेतले की ‘असावा’चे ‘आहे’ होते. आणि मार्गदर्शिकेत उतरेपर्यंत तेथे ‘निर्विवादपणे’ हे क्रियाविशेषण येऊन बसते. पुरावा तेवढाच राहतो, निश्चिती मात्र वाढत जाते. म्हणून टिपण घेताना इतर मजकूर संक्षिप्त केला तरी क्रियापद मुळातले तसेच उतरवावे, आणि दुय्यम ग्रंथातील विधान निदान एकदा तरी मूळ साधनापर्यंत मागे नेऊन पाहावे.

या सर्वांत सर्वांत अवघड अडथळा वाचकाच्या स्वतःच्या इच्छेचा असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. भाषेच्या प्राचीनतेविषयीचे कुतूहल वाढणे स्वाभाविक व स्वागतार्ह आहे. तथापि अभिमान हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. जे मत आपणास सुखावते त्यालाच दुप्पट प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घ्यावी. एखादा प्रिय सन सोडावा लागला तरी भाषेचे काही उणे होत नाही. उलट पुढच्या प्रबंधाचा पाया एका वरकड गृहीतापासून मोकळा होतो.

सोलापूर जिल्ह्यातील कुडल येथील शिलालेखाचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८, हा काल लेखातच नोंदलेला आहे. त्यातील ‘वाछि तो विजेया होइवा’ या मराठी वाक्याचा अर्थ ‘वाचील तो विजयी होईल’ असा लावला जातो. येथे कालाचा उल्लेख पहिल्या रकान्यात लिहिता येतो. ‘वाछि’ म्हणजे ‘वाची’ हे मात्र दुसऱ्याच रकान्यात लिहिले पाहिजे. विद्यार्थ्यांनी लेखाचा ठसा समोर ठेवून या एका शब्दापासूनच आपल्या अभ्यासाला आरंभ करावा, अशी माझी सूचना आहे.