भूगोलाच्या पुस्तकाचा भूगोल

भूगोलाचं पुस्तक म्हटलं की आठवतं ते ‘भौगोलिक कारणे द्या’ आणि नकाशात भरायचे रंग. पण हे पुस्तक मराठी मुलांच्या दप्तरात आलं कसं, हे कुठल्याच पेपरात विचारत नाहीत. आणि त्या गोष्टीतले दोन पत्ते तर लोअर परळहून पायी गाठण्यासारखे!

बंगला परळचा. १८२२ साली देशी भाषांत शाळेची पुस्तकं काढायला मुंबईत मंडळी उभी राहिली. अध्यक्ष गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, देशी सेक्रेटरी बापू छत्रे. तेव्हा गव्हर्नरचा बंगला परळला होता. १८९९ पासून तिथे हाफकिन संस्था आहे.

तो एल्फिन्स्टन हा नव्हे. लोअर परळच्या पुढच्या ‘एल्फिन्स्टन रोड’ स्टेशनाला नाव होतं ते पुतण्याचं. तोही मुंबईचा गव्हर्नर, १८५३ ते १८६० या काळातला. २०१८ साली स्टेशनच ‘प्रभादेवी’ झालं आणि काका-पुतण्यांचा घोळ मिटला.

जग सांगे कोरवंजी. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) चक्क मराठी नाटकातून भूगोल शिकवला. ‘देवेंद्र कोरवंजी’त भविष्य सांगत फिरणारी बाई खंड, देश, समुद्र घडाघडा सांगते. घोकंपट्टीला ताल मिळाला की झालं!

मराठी वि. बंगाली. बाळशास्त्री जांभेकरांचं भूगोलविद्येवरचं पुस्तक १८३६ चं, तर अक्षयकुमार दत्तांचं बंगाली ‘भूगोल’ १८४१ चं. पण कॉलर ताठ करायची घाई नको. कलकत्त्याची स्कूल बुक सोसायटी १८१७ चीच. १८१८ साली श्रीरामपूरहून तरुणांसाठी ‘दिग्दर्शन’ नावाचं बंगाली मासिकही निघालं होतं. बाळशास्त्रींनी १८४० साली मासिक काढलं, त्याचं नाव? ‘दिग्दर्शन’! त्यातही भूगोल होता, नकाशांसकट.

दुधाचा समुद्र कुठे गेला? पुराणांत पृथ्वी सपाट आणि भोवती दुधाचे, दह्याचे, तुपाचे, उसाच्या रसाचे समुद्र. भोपाळजवळच्या सिहोरला सुबाजी बापूंनी १८३६ साली मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहून पृथ्वी गोल असल्याचं पटवून दिलं. साक्षीला साहेब नव्हे, आपले भास्कराचार्य. बाराव्या शतकातलेच!

पायाखालचा समुद्र. खाऱ्या पाण्याचा समुद्र मात्र खरा होता. वरळीचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरा होण्याआधी भरतीचं पाणी वरळी-परळमधल्या सखल भागात शिरायचं. पुढे त्या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी आली, आता काचेचे टॉवर.

पत्ता पाठ आहे? ‘बालभारती’ची स्थापना १९६७ ची. तिच्या पुस्तकांवर प्रकाशकाचा पत्ता असतो: पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, प्रभादेवी, मुंबई-२५. म्हणजे लोअर परळचा शेजार. तिसरीचं ‘परिसर अभ्यास’ तर जिल्ह्यागणिक वेगळं. गडचिरोलीच्या पोराला गडचिरोली, लोअर परळच्या पोराला मुंबई. प्रकाशकाच्या पत्त्यात मात्र दोघांनाही प्रभादेवीच!