बोथट सुरी अधिक धोक्याची

रविवारी कोल्हापुरातील अनेक घरांत तांबडा-पांढरा रस्सा शिजतो. त्याआधी ओट्यावर मटण साफ होते, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर चिरली जाते. या साऱ्यांसाठी बहुधा एकच सुरी असते आणि तिला धार कधी लावली, हे कोणालाच आठवत नसते.

धारदार सुरीची भीती वाटते. पण बोट कापण्याचा धोका बोथट सुरीने वाढतो. धार जितकी बारीक, तितका तेवढ्याच जोरात दाब जास्त पडतो. धार गेली की हाताचा जोर वाढवावा लागतो आणि टोमॅटोच्या गुळगुळीत सालीवरून पाते निसटते. बोथट पात्याखाली कांद्याच्या पेशी चिरडल्या जातात, डोळ्यांत पाणी आणणारा वायूही जास्त सुटतो.

विळीची तऱ्हा वेगळी. पाते स्थिर आणि भाजी दोन्ही हातांत, त्यामुळे पकड चांगली मिळते. मात्र पाते उघडे असते. काम झाल्यावर ते मिटवून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.

सुरी घेताना ती हातात धरून पाहावी. मूठ ओल्या हातातून निसटू नये, पाते मुठीत हलू नये. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. साध्या पोलादाला धार चांगली लागते. पण लिंबू, चिंच लागलेले पाते लगेच धुऊन कोरडे करावे लागते.

ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेवर चिरल्याने धार लवकर जाते. लाकडी वा प्लॅस्टिकचा पाट वापरावा. घरी धार लावताना पाणी लावलेल्या दगडावर पाते १५ ते २० अंशांत धरून दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. धारवाल्याच्या चाकावर पाते निळसर पडले, तर ते जास्त तापले असे समजावे. तिथला कडकपणा कमी होतो आणि धार टिकत नाही.

खरी काळजी घ्यायची ती कच्च्या मांसाची. चिकन-मटणावर साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. रस्सा उकळताना ते मरतात. पण त्याच सुरीने, त्याच पाटावर चिरलेला कांदा-लिंबू कच्चाच ताटात येतो. जुलाब-उलट्यांचे कारण मग रश्श्याऐवजी कांद्यात सापडते. मांसासाठी सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत. ते शक्य नसेल तर आधी कांदा-कोथिंबीर चिरून बाजूला ठेवावी, मांस नंतर घ्यावे आणि शेवटी सुरी, पाट व हात साबणाने धुवावेत. सुरी सिंकमधल्या भांड्यांत बुडवून ठेवू नये. न दिसता हात कापतो.

बोट कापलेच तर वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे. हळद, कॉफी भरू नये. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हेही त्यांना सांगावे.